ओल्या कागदावरची शाई

उजवा हात अधू झाला आणि माझी निसर्गचित्रं थांबली. तेव्हा वासुदेव गायतोंडे आठवले. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांना मोठे कॅनव्हास पेलेनात. ते लहान कागदांवर शाईनं काम करू लागले. ना झाड, ना डोंगर. तरी नजर तिथं रेंगाळते.

मीही डाव्या हातानं कागद भिजवला, थोडा जलरंग आणि शाईचा थेंब सोडला. ओल असते तिथवर शाई पसरते, कोरड्यावर कडा धरून थांबते. वाळली की पुसता येत नाही. म्हणून घाई करून चालत नाही. अमूर्त चित्र पाहतानाही तसंच. वस्तू शोधू नका, जरा थांबा.

परवा नातीनं विचारलं, ‘आजोबा, हे कुठलं गाव?’

म्हटलं, ‘आतलं. मलाही ते आत्ताच दिसायला लागलंय.’