आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी उभं करायचं, तर आधी पलंग बघावा लागतो. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जात असतील तर पलंग बुटका. मग वर आणखी एक गादी, नाहीतर पलंगाच्या पायांखाली विटा. वॉकर समोर ठेवला की बहुतेक जण त्याचाच दांडा ओढून उठू बघतात आणि वॉकर अंगावर येतो. हात पलंगावर टेकायचे, ऑपरेशनचा पाय जरा पुढे, आणि वाकायचं. इतकं, की नाक पायाच्या बोटांवर यावं. बूड सुटलं की मग एकेक हात वॉकरवर. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरोघर फिजिओथेरपी करताना माझ्या तोंडी दिवसभर हेच.

काहींचा एक्स-रे उत्तम असतो, टाके सुकलेले, दुखणंही फारसं नाही. तरी बूड सुटत नाही. अंबरनाथच्या एक आजी मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "अगं, यात जीवच नाही." फाइल चाळली तर ड जीवनसत्त्व ९. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात. त्यात हाडं कमकुवत होतातच, पण खुब्याभोवतीचे आणि मांडीचे मोठे स्नायूही ढिले पडतात. सूनबाई सांगत होत्या, पडायच्या आधी बरेच दिवस आजी खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठत नव्हत्या, जिन्यात कठडा सोडत नव्हत्या. घरातल्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२० मधला एक अभ्यास आहे, खुब्याचं हाड मोडलेल्या, ६५ वर्षांवरच्या २९० रुग्णांचा. ज्यांची पातळी १२ च्या वर होती, त्यांच्यातले जास्त जण ऑपरेशननंतर महिना-दोन महिन्यांत माणसाच्या आधाराशिवाय चालत होते. आता यावरून औषध घेतलं की माणूस चालतो, असं सिद्ध होत नाही. ज्याचं खाणं तुटलंय आणि बाहेर पडणं थांबलंय, त्याची पातळी तशीही खालीच असणार. तरी फाइल हातात आली की मी आधी हा आकडा शोधते.

एवढ्या उन्हात राहून कमतरता कशी, असं नातेवाईक विचारतात. ऊन घरात कुठे येतं? उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित बराकींत राहिले. पुढे तिथे इमारती इतक्या खेटून उभ्या राहिल्या की कित्येक तळमजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. बदलापूरच्या एका टॉवरमध्ये उजेड भरपूर, पण तिथले माझे एक आजोबा बसतात सरकत्या काचेच्या आत. ज्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, तेच काच अडवते. उकाडा तेवढा आत येतो. या बाबतीत सगळ्यात सुखी अंबरनाथच्या त्या आजी, चाळीतल्या. दार उघडलं की ओटा.

पण वेळ चुकते. "रोज सातला कोवळ्या उन्हात बसवतो हो," असं मोठ्या अभिमानानं सांगतात. त्या तिरप्या उन्हात कामाचे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की खरी वेळ सुरू. मे महिन्यात त्या वेळी म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवणं म्हणजे छळ, आणि पावसाळ्यात सूर्याचाच पत्ता नसतो.

म्हणून ड जीवनसत्त्वाच्या पावडरचं पाकीट. त्यात ६०,००० युनिट. डॉक्टर साधारण आठवड्याला एक, असं आठेक आठवडे देतात. स्निग्ध पदार्थाबरोबर ते नीट शोषलं जातं, म्हणून जेवणानंतर दुधातून. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून एकदा' मात्र घरी पोचेलच असं नाही. उल्हासनगरच्या एका घरी मुलगा अम्मांना बाकीच्या गोळ्यांसारखं रोज एक पाकीट देत होता. अम्मांना मळमळ, घशाला कोरड, पोट साफ नाही, आणि बोलण्यात मधेच घोटाळा. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की असंच होतं. पाकीट थांबवून डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. जास्त दिलं तर लवकर भरून येईल, हा भाबडेपणा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आले, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलेलं. अम्मांच्या त्या प्रसंगापासून मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रविवारांना पेनानं गोल करून देते.

पाकिटानं पातळी चढते, मांडी आपोआप भरत नाही. त्याला अंडं, डाळ, पनीर, काय चालत असेल ते, आणि खुर्चीवरून उठबस. त्यातही म्हातारी माणसं बाहेर जायचं निमित्त असलं की जास्त मन लावून करतात, हा माझा अनुभव. बदलापूरच्या आजोबांच्या सोसायटीत मी गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींच्या मागे लागले. अकरा ते बारा मिळाली. पण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच, गच्चीला वर आणखी एक जिना. म्हणून सध्या पायऱ्यांचा सराव चाललाय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आजोबांच्या चार पायऱ्या झाल्यात, आणि दिवाळीपर्यंत वर पोचायचं त्यांनीच ठरवलंय.