माशीच्या सोंडेवरचा स्टिकर

वहीवर, पाण्याच्या बाटलीवर, मोबाइलच्या पाठीवर हल्ली आपल्याकडच्या झाडाफुलांचे, पशुपक्ष्यांचे स्टिकर दिसतात. चिकटणारी चित्रे नाशिकला नवी नाहीत. नाशिकरोडला 1925 मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटे इथे छापली जाऊ लागली. 1962 मध्ये वन्यजीव सप्ताहानिमित्त भारतीय तिकिटावर एकशिंगी गेंडा आला. पुढच्याच वर्षी गवा, तांबडा पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह आले. बोटभर कागदावरून जंगल घरोघरी पोहोचले.

तिकीट आणि स्टिकर दोन्ही चिकटतात, पण त्यांची रीत वेगळी. तिकिटामागच्या डिंकाला पाणी लागते. ओला झाला की त्याचे लांबलचक रेणू सुटे होऊन कागदाच्या तंतूंमध्ये शिरतात आणि पाणी उडून गेले की तिथेच घट्ट बसतात. स्टिकरमागचा थर मात्र कधी वाळतच नाही. तो मऊ, चिवट बहुवारिकाचा (पॉलिमरचा) असतो. बोटाने दाबला की पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचाखळग्यांत पसरतो आणि इतका जवळ जातो की रेणूंमधले क्षीण आकर्षणही त्याला धरून ठेवायला पुरते. बाटली धुळकट असेल तर स्टिकर लगेच सुटतो, कारण तो धुळीला चिकटलेला असतो.

माशीला डिंकाशिवायच स्टिकर लावणारे एक फूल नाशिकजवळ अंजनेरीच्या डोंगरावर आहे. अंजनेरीचे कंदीलपुष्प, म्हणजे ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. 2006 मध्ये नवी प्रजाती म्हणून त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि डोंगराचे नाव वनस्पतीला मिळाले. कंदीलपुष्पांची करामत अशी: गंधाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी नळीत घसरते. आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परतता येत नाही. तळाशी मध चाखताना परागांच्या इवल्या पिशव्यांची जोडी तिच्या सोंडेवर चिमट्यासारखी बसते. पुढे केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी तो ऐवज दुसऱ्या फुलाकडे नेते.

म्हणूनच अशा फुलाचे चित्र काढणाऱ्याला नुसते सुंदर फूल रेखाटून भागत नाही. पाच पाकळ्यांची वर जुळलेली टोके, त्यांच्यामधल्या खिडक्या, नळीचा फुगीर तळ हे सगळे नेमके उतरले तरच ते कंदीलपुष्प. एक खूण चुकली तर पाहणाऱ्याच्या मनात भलतेच फूल ठसते.

अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात तिथे जरूर जा. फुले डोळे भरून पाहा, पण तोडू नका आणि त्यांचे कंद जमिनीतच राहू द्या. घरी आणायचे ते फक्त चित्र.