रूम पार्टनर त्रास देतोय? आधी करार कुणाच्या नावावर आहे ते पाहा

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागातली मुलं नीट-जेईईच्या शिकवणीसाठी लातूरच्या उद्योग भवन परिसरात नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगरकडे खोली शोधतात. एका खोलीत तीन-चार कॉट, एकच बाथरूम, भाडं वाटून. त्यात एखादा निघतो रात्री एकपर्यंत स्पीकरवर बोलणारा, दोस्तांना आणून बसवणारा, लाईट बिलाचा वाटा बुडवणारा. बाकीच्यांचा अभ्यास जातो. घरून फोनवर सांगतात, "बेटा, सबर कर, वर्ष काढ." नीट मे महिन्यात असते. दिवाळीपासून नुसतं सहन करत बसलं तर वर्षच हातचं जातं.

सबर करावा, पण पहिल्या आठवड्यातच बोलावं. भांडण पेटलेलं असताना नव्हे. दुसऱ्या दिवशी असरनंतर, चहा घेता घेता, एकट्याला गाठून. "तू नीट वाग" म्हणून काही होत नाही. रात्री दहानंतर हेडफोन, पाहुणे नऊपर्यंत, बिल पाच तारखेला, असं नेमकं ठरवून कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. कधी कधी तो पोरगा स्वतःच टेस्टमध्ये मागे पडून खचलेला असतो, तेही विचारून पाहा. सूरह निसाच्या 36 व्या आयतीत शेजाऱ्यांसोबत जवळ राहणाऱ्या साथीदाराचाही उल्लेख आहे. रूम पार्टनर त्यातच आला. शिक्षक म्हणून माझा अंदाज, निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर घरमालक. इथे पालकांनी लक्ष द्यायला हवं. अकरावी-बारावीचं मूल 18 वर्षांखालचं असतं, त्याला करार करता येत नाही. करार अब्बांच्या नाहीतर अम्मींच्या नावावर असेल, तर घरमालकाशी बोलायचं कामही त्यांचंच. तारखांसह लेखी द्या; व्हॉट्सॲपवर दिलं तरी पुरावा राहतो.

मराठवाड्यात पूर्वी भाड्याच्या घरांना हैदराबादचा 1954 चा कायदा होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. कलम 16 प्रमाणे शेजारच्या राहणाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून घरमालक कोर्टामार्फत जागा परत मागू शकतो. एका अंगणात तीन कुटुंबं भाड्याने राहतात अशा घरांत हे कलम जास्त उपयोगी. मुलांच्या खोल्यांचा करार झालाच तर बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा असतो. तिथे करारातल्या अटीच बघाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. तिघांनी मिळून चौथ्याची पेटी बाहेर ठेवायची, कुलूप बदलायचं, हे नको. त्याला काढण्याचा अधिकार सोबत राहणाऱ्यांना नाही. घरमालकालासुद्धा विनाकारण पाणी-लाईट तोडता येत नाही, कलम 29 त्यासाठीच आहे. वरून तक्रार आपल्याच मुलांवर व्हायची.

रात्री 10 ते सकाळी 6 मोठ्या आवाजावर ध्वनिप्रदूषण नियमांत बंधनं आहेत. मारहाण, धमकी, नशापाणी असेल तर वाट पाहत बसू नका, 112 वर फोन करा, मुलाला त्या रात्रीपुरतं नातेवाइकांकडे हलवा. नुसत्या कुरबुरीसाठी ठाण्यात गेलात तर बहुतेकदा अदखलपात्र नोंद होते, पण त्या नोंदीची प्रत जपून ठेवावी.

येत्या जूनमध्ये खोली घेताना डिपॉझिट देण्याआधी दोन ओळी करारात घालून घ्या: सोबतच्या मुलाच्या त्रासाची लेखी तक्रार दिल्यावर घरमालक किती दिवसांत दुसरी खोली देईल, आणि नाही दिली तर एक महिन्याच्या नोटिशीवर आपल्या वाट्याचं डिपॉझिट परत मिळेल की नाही. चारही मुलांचा एकच करार असेल तर एकाने बुडवलेलं भाडं बाकीच्यांकडून मागितलं जाऊ शकतं, म्हणून शक्यतो प्रत्येकाचा वेगळा करार मागा.