भंजक हातोडा
काँक्रीट, दगड यांसारखे कठीण पदार्थ छिन्नीवर जलद आघात करून फोडणारे हातयंत्र. व्यवहारात यास ब्रेकर म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यात रोही व रानडुकरे यांपासून पिके राखण्यासाठी शेताभोवती तारेचे कुंपण घालतात. त्याचे जुने खांब काढताना बुडाचे काँक्रीट फोडण्यास हे यंत्र उपयोगी पडते.

तेथील काळी माती पावसाळ्यात फुगून खांबाचे बूड घट्ट धरते, तर उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून उन्हाळ्यात पुष्कळदा सब्बल व साखळी यांनीच खांब निघतो व यंत्राची गरजच पडत नाही. ब्रेकर वापरावयाचा झाल्यास प्रथम माती खणून बूड निदान एका बाजूने मोकळे करावे. अन्यथा तुकड्यांना सरकण्यास जागा न मिळून छिन्नी नुसती रुतते. या कामास सु. १० ते १५ किग्रॅ. वजनाचे विद्युत् यंत्र पुरते, ३० किग्रॅ. वजनाचे यंत्र जाड फरसबंदीस योग्य, परंतु बांधावरून नेण्यास गैरसोयीचे असते. टोकदार छिन्नीने कडेकडून आत फोडीत जावे. छिन्नी पहारीसारखी वापरल्यास वाकते वा तुटते.

छिन्नीचा दांडा पुसून त्यास ग्रीज लावतात. झिजलेले कार्बन ब्रश वेळीच बदलतात. बोथट छिन्नीने काम लांबते व हातांना कंपने अधिक काळ सोसावी लागतात. ही बाब क्षुल्लक नव्हे : अमेरिकेतील बेडफर्ड येथे वातचलित हातोडे वापरणाऱ्या चुनखडी-कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात, असे ॲलिस हॅमिल्टन यांना १९१८ मध्ये आढळले होते. छिन्नीस धार लावताना ती निळी पडेपर्यंत तापू देऊ नये; तसे झाल्यास तिचे पाणी उतरते.