टार्गेट साहेबांचे, नोकरी गेली कारकुनाची

आमच्या शेजारची एक मुलगी बी. कॉम. झाली आणि एका खासगी फायनान्स कंपनीत लागली. घरातली पहिलीच पगाराची नोकरी, म्हणून आईने सगळ्या चाळीत पेढे वाटले. सहा महिन्यांनी तीच माउली आमच्या दारात उभी. "जयभीम भाऊ. पोरगी रात्री नऊला येते, न जेवता निजते. झोपेत आकडे बडबडते. तुम्ही हापिसातले, जरा विचारा तिला." आम्ही विचारले. मुलगी म्हणाली, "काका, टार्गेट पुरं झालं नाही की साहेब सगळ्यांदेखत उभं करतात. काल म्हणाले, घरच्यांच्या नावावर पॉलिसी काढ, पण आकडा पुरा कर."

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही सावध झालो. याच वाटेने अमेरिकेतल्या एका बलाढ्य बँकेत हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. ती हकीकत मुलीला सांगितली, तीच वाचकांसाठी येथे देत आहोत.

बँकेचे नाव वेल्स फार्गो. प्रत्येक ग्राहकाला बचत खाते, कार्ड, कर्ज अशा आपल्या आठ गोष्टी विकायच्या, हे तिचे ध्येय. आठच का? इंग्रजीत 'एट'शी 'ग्रेट'चे यमक जुळते म्हणून! हा आमचा विनोद नव्हे, बँकेच्या प्रमुखांनीच आपल्या वार्षिक अहवालात असे कारण दिले होते. यमकापायी काउंटरवरच्या माणसांचे काय झाले, ते लॉस एंजेलिस टाइम्स या दैनिकाने डिसेंबर २०१३ मध्ये छापले. दिवसातून अनेकदा आकडे विचारायचे. आकडा भरला नाही तर उशिरापर्यंत थांबायचे, सुट्टीच्या दिवशी यायचे, वर नोकरी जाण्याची धमकी. मग कोणी भावाच्या, मेव्हण्याच्या नावे खाती उघडली. कोणी ग्राहकाला न विचारताच कार्ड काढले, खोटी सही केली. ग्राहकाला पत्ता लागायचा तो न मागितलेल्या खात्याचे शुल्क कापले गेल्यावर.

सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. संशयित खाती व कार्डे मिळून सुमारे २१ लाख निघाली. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आकडेमोडीची खोड जात नाही. या खात्यांवर कापलेले जे शुल्क बँकेने तेव्हा परत केले, ते सारे मिळून सुमारे २६ लाख डॉलर. म्हणजे खात्यामागे सव्वा डॉलर! एवढ्यासाठी हा सारा आटापिटा? बँकेला त्या रिकाम्या खात्यांतून मिळत काहीच नव्हते, पण कागदावर आकडा चढत होता आणि त्या आकड्यावर वरच्यांची वाहवा होत होती.

आणि दोषी कोण ठरले? पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना बँकेने काढून टाकले, त्यांत बहुतेक खालच्या पायरीवरचे. खोटी सही करणारा निर्दोष, असे आमचे म्हणणे नाही. पण पाच-पन्नास माणसे चुकली तर माणसांत खोट म्हणावी. पाच हजार चुकली तर हुकूम देणाऱ्याकडे बघावे की नको?

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. गैरप्रकार कळवण्यासाठी बँकेने खास फोन ठेवला होता. तिथे तक्रार केली म्हणून आपल्यालाच काढले, असे अनेकांनी नंतर सांगितले. लॉस एंजेलिस भागातल्या एका व्यवस्थापकाने फसवणुकीचा संशय वर कळवला होता. २०१० साली त्याची नोकरी गेली. २०१७ मध्ये अमेरिकी कामगार खात्याने त्याला परत घेण्याचा व सुमारे ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश काढला. न्याय मिळाला म्हणायचा, पण मधली सात वर्षे त्या घराने कशी काढली असतील?

बँकेच्या प्रमुखाला ऑक्टोबर २०१६ मध्ये पायउतार व्हावे लागले. विक्रीची टार्गेटे त्याच वर्षी रद्द झाली. मात्र कर्मचाऱ्यांची संघटना व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातील एका लहानशा शाखेने मतदान करून युनियन आणली, त्या बँकेतली ही पहिलीच. मते पडली पाच विरुद्ध तीन. मते आठच, पण त्या शाखेने सुरुवात केली.

मुलीला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. दुसऱ्याच्या नावाने सही करायची नाही, कोणी कितीही उभे केले तरी. आणि तोंडी हुकूम झाला की तारीख, वेळ व शब्द त्याच दिवशी वहीत टिपून ठेवायचे, शेजारी कोण होते तेही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी पुन्हा पॉलिसीचे काढले. ती म्हणाली, "सर, हे लेखी द्याल का?" साहेब काही न बोलता केबिनमध्ये निघून गेले. टार्गेट मात्र अजून तेवढेच आहे. त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलींनीही वही घातली आहे.