भाजीचा वाफा कसा राखावा

घरामागे चार वाफे असले म्हणजे ताटात रोज ताजी भाजी येते. बाजाराचे पैसे वाचतात. लेकराबाळांच्या पोटात पालेभाजी जाते. पण वाफा लावणे सोपे, राखणे कठीण. पाऊस, ऊन आणि कीड असे तीन चोर टपून बसलेले असतात. त्यांना अडवायला फार पैसा लागतो, असे पुष्कळांना वाटते. आमचे सांगणे असे, की लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरातच असतात.

पहिला चोर पाऊस. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे आधी एका वाफ्यात तयार करतात. तो वाफा सपाट जमिनीवर करू नये. माती ओढून वीतभर उंच गादी करावी. रुंदी दोन हात पुरे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून तण काढता येते. भोवती पाणी जायला चर काढावा. पाणी साचले, की बुरशी वाढते. मग रोप जमिनीलगत कुजते आणि आडवे पडते. पाणीसुद्धा बेताने घालावे. झारी नसेल तर जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडा. झाली झारी!

दुसरा चोर ऊन. चार मेढी पुरून त्यांवर तुराट्या किंवा पळकाट्या पसराव्यात. कंबरेइतका उंच मांडव पुरतो. सावली दाट नको, विरळ हवी. रोपे काढायच्या आधी काही दिवस मांडव काढून टाकावा. म्हणजे रोपांना उन्हाची सवय होते. मोठ्या झाडांच्या बुडाशी पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे. ओल टिकते, पाणी कमी लागते. मात्र पाचट खोडाला चिकटू देऊ नये. कडाक्याची थंडी पडणार असे दिसले तर संध्याकाळी पाणी द्यावे. ओल्या जमिनीत ऊब राहते.

तिसरा चोर कीड. हा लबाड आहे. त्याला पकडायला रोजची नजर पाहिजे.

मिरची आणि टोमॅटोची पाने आकसून वाकडीतिकडी होतात, ते तुम्ही पाहिले असेल. हा रोग पांढरी माशी पसरवते. ती फार बारीक असते. मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत शिरते. म्हणून रोपांच्या वाफ्यावर जुने, तलम लुगडे कमानीसारखे ताणावे आणि कडा मातीने दाबाव्यात.

वांग्याचा शेंडा मान टाकतो, तेव्हा आत अळी असते. असा शेंडा खुडून जाळावा. किडकी वांगीही झाडाखाली टाकू नयेत. दर आठवड्याला एवढे केले तरी निम्मे काम होते.

टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा. फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो आणि टोमॅटोचा त्रास कमी होतो. शिवाय दसऱ्याला फुले मिळतात ती वेगळीच.

पाठीवर काळे ठिपके असलेला लाल, वाटोळा किडा दिसला तर मारू नका. तो मावा खातो. तो आपला राखणदार आहे.

आता औषध. दारात कडुलिंब आणि आपण निघालो दुकानात! काखेत कळसा नि गावाला वळसा, तसे हे झाले. पावसाळ्याच्या तोंडाला लिंबोळ्या गळतात. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवाव्यात. लागतील तेव्हा फोडून आतला गोळा कुटावा. अर्धा किलो चूर्ण थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी फडक्याने गाळावे. चिमूटभर साबणचुरा घालून एकूण १० लिटर पाणी करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हात त्याचा जोर कमी होतो. पंप नसेल तर डहाळीने शिंपडा, पानांच्या खालच्या बाजूलाही. कीड लगेच मरणार नाही. पण तिचे खाणे सुटते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे.

एवढे करूनही कीड हटली नाही, तर दुकानातले औषध आणण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. विषाशी खेळ नको. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. भाजी तर आपण थेट पोटात घालतो.

बंधुभगिनींनो, आता तुम्हांला वाचता येते. त्याचा उपयोग इथेच करा. डब्यावर रंगीत चौकोन असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, तेही चिठ्ठीवर पाहा. दुकानदार घाई करील. करू द्या. आपण अक्षर अक्षर लावून सगळी चिठ्ठी वाचावी, आणि मगच पैसे द्यावेत.