एका पुस्तकात दोन अक्षरं

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव, समुद्र इथून लांबच. पण गेल्या आठवड्यात वाचनालयातून मिलिंद बोकील यांची 'समुद्र' आणली आणि घरातच लवंगी माळ लागली.

कादंबरी छोटी, दोन बैठकांत संपते. भास्कर आणि नंदिनी हे मुरलेलं जोडपं समुद्रकाठी सुट्टीला जातं आणि तिचं एक गुपित बाहेर येतं. ना खून, ना पोलीस. तरी आता काय होणार, ही धाकधूक सुटत नाही.

मला मिळालेल्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहिलंय, "बिचारा भास्कर!" त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, "का बिचारा?"

घरीही तेच. वहिनी पूर्ण नंदिनीच्या बाजूने. दादा म्हणतो, नुसतं बोलणं, घडत काहीच नाही. (तो बोकिलांचीच 'शाळा' वाचून आलेला. तिच्यावर 2012 साली सिनेमा आला तीच.) मला विचाराल तर यातलं बोलणं हेच घडणं. चिन्मय मांडलेकर आणि स्पृहा जोशी यांनी 'समुद्र'चं नाटक केलं ते उगाच नाही.

वाचली असेल तर तुम्ही कुणाच्या बाजूने, कमेंटमध्ये लिहा. फक्त शेवट फोडू नका, वहिनीची वीस पानं राहिलीत!